दिवस मावळायच्या आत

"शाकाहारी काय मिळेल?" अक्कांनी विचारलं.

"सगळा मिळतला," वेटर म्हणाला. "शाकाहारी थाळी आसा."

"थाळीत काय काय?"

"बटाट्याची भाजी."

"बटाटा चालत नाही."

"मगे कांदाभजी."

"कांदा तर मुळीच नाही."

वेटरने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी टेबलावरच्या मिठाच्या डबीकडे पाहिलं. "फ्लावर-वाटाणो देव काय? गरम हा."

"लसूण घातलाय त्यात?"

"लसणीबगर भाजी कशी होतली, मावशी?"

मग बिचाऱ्याने खरोखरच विचार केला. टेबलावर वाकून, आवाज खाली आणून, मोठ्या मायेने म्हणाला, "तुमका अंडा फ्राय देव? त्यात कांदो-लसूण कायच नसता."

अक्का उठल्या. त्यांच्यामागे आम्ही तिघंही उठलो. शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी पुढ्यात तळलेली सुरमई येऊन पडली, तिच्याकडे शेवटचं बघून घेतलं आणि मीही बाहेर पडले.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. माझं माहेर मालवणजवळ, आणि माझ्या आईवडिलांची माशांची खाणावळ. सासर जयसिंगपूरचं, जैनांचं. आम्ही दोघं कोल्हापुरात एका वर्गात शिकलो आणि पुढे जे व्हायचं ते झालं. घरच्यांनी आदळआपट केली नाही. माझी आई एवढंच म्हणाली, "अगो, पण ते खातत काय?" सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, माझी खणानारळाने ओटी भरली आणि घरात घेतलं. पण लग्नानंतर त्या एकदाही माझ्या माहेरी आल्या नाहीत. गणपतीला बोलावलं, आल्या नाहीत. जत्रेला बोलावलं, आल्या नाहीत. दर वेळी कारण नवं असायचं, आणि दर वेळी फोनवर माझी आई जरा जास्तच मोठ्यांदा "बरा, बरा" म्हणायची.

आईला काय लागलंय ते मला समजत होतं. मासे तळणाऱ्या बाईच्या घरचं पाणीसुद्धा विहिणीला चालत नाही, हे ते. मलाही तसंच वाटत होतं. म्हणून सासऱ्यांनी, आण्णांनी, दिवाळीनंतर कोकणात जायचं काढलं तेव्हा मी आईला फोनवर सांगून टाकलं होतं, "या खेपेला अक्कांना तुझ्या घरी आणून जेवायला बसवते की नाही बघ."

हे बोलणं मला फारच महागात पडणार होतं. सहलीच्या कागदावर माझं माहेर कुठेच नव्हतं. किल्ला होता, देवळं होती, पुळण होती. घरावरून दोनदा गाडी गेली, तरी कुणी ब्रेक दाबला नाही. माझा नवरा अभिनंदन गाडी चालवत होता, आणि आई व बायको दोघी मागच्या सीटवर असल्या की शहाणा माणूस चालवतो तशीच चालवत होता. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, नुसतं समोर बघत.

अक्का घरून पुरतील एवढ्या दशम्या घेऊन निघाल्या होत्या. पण जयसिंगपूरच्या दशम्यांना समुद्राची हवा माहीत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला तर दशम्यांवर हिरवी लव आलेली. तेव्हापासून अक्कांच्या पोटात दोन केळी होती, आणि आता दुपारचे साडेतीन झाले होते. घरात एकट्या अक्कांचा नेम असा, की दिवस मावळला की अन्न नाही आणि पाणीही नाही. लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. एका बाळंतपणातही मोडला नव्हता म्हणे.

आण्णांच्या खिशात घडीचं पंचांग होतं. त्यांनी ते काढून चष्मा वर केला. "सहा वाजून एक मिनिट. पण हे आपल्याकडचं झालं. इथं समुद्राकडं सूर्य चार-पाच मिनिटं उशिरा मावळतो. म्हणजे सहा-पाच धरा."

"सूर्य काय तुमच्या सोयीनं मावळतो होय?" अक्का म्हणाल्या.

"माझ्या नाही, पृथ्वीच्या सोयीनं."

"उपाशी मी आहे. सहा-एकच धरायचं."

दुसरं हॉटेल आण्णांनी शोधलं. लांबूनच ओरडले, "शुद्ध शाकाहारी! थांब, थांब, अभिनंदन!" आम्ही उतरलो, चपला काढल्या, हात धुतले. बसता बसता वाऱ्याने दारातली झावळी बाजूला झाली आणि पाटीचा उरलेला भाग दिसला. 'शुद्ध शाकाहारी व मांसाहारी'. मालक फार सज्जन माणूस. म्हणाला, "काळजी करू नका, दोन्ही शुद्धच आहे." आम्ही पुन्हा चपला घातल्या.

तिसरीकडे मात्र नशीब उघडलं असं वाटलं. रस्त्याकडेला घरगुती खाणावळ, शेणाने सारवलेलं अंगण, आणि मालकीण अक्कांच्याच वयाची. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. कांदा नाही, लसूण नाही, जमिनीखालचं काही नाही. "दोडक्याची भाजी हा माझ्याकडे. नुसता खोबरा नि मिरची. सकाळीच केलंय. आणि भाकरी घालतंय ताजी." अक्कांनी पिशवीतून आपलं गाळणं काढलं, पाणी गाळून घेतलं. ताट आलं. दोडक्याची भाजी अशी हिरवीगार, वर ओल्या खोबऱ्याचा थर. आण्णांनी सुटकेचा श्वास टाकला. अभिनंदन तीन दिवसांत पहिल्यांदा हसला.

आणि मला वास आला.

माझा जन्म खाणावळीतला. भाजी तिकडच्या टेबलावर असली तरी तिच्यात काय काय पडलंय ते मी सांगू शकते. ह्या दोडक्यात सुकी सुंगटं होती. सुंगटं म्हणजे कोलंबी, वाळवलेली. आमच्याकडे पालेभाजीत, फळभाजीत चवीला चार टाकतातच, आणि त्यामुळे भाजीची जात बदलते असं कुणी मानत नाही.

अक्कांनी घास मोडला. त्या एका क्षणात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगायला आजही लाज वाटते. त्यांना कळणार नव्हतं. मालकीण बोलणार नव्हती. बाई सकाळपासून उपाशी होती, साडेचार वाजले होते, आणि कोलंबी नखाएवढी होती. शिवाय माझ्या आईच्या घरचं पाणी जिला चालत नाही, तिला चार सुंगटं गेली पोटात तर गेली!

"अक्का, थांबा," मी म्हणाले. "भाजीत कोलंबी आहे."

घास ताटात परत गेला. मालकीण धावत आली. "अगो बाय माझे, चवीक चार घातलंय! आकारान केवढीशी ती! ती काय मासळी?"

"नाही, नाही, तुमची काही चूक नाही," अक्का म्हणाल्या, आणि दोन्ही हात जोडून उठल्या. भाकरी तरी घ्या म्हणून ती बाई गाडीपर्यंत आली. पण भाकरी ज्या हाताने थापली त्याच हाताने सुंगटं टाकली होती, त्यामुळे तेही जमेना.

मग आम्ही फळं शोधली. बाजार बंद, कारण त्या दिवशी कुणीतरी वारलं होतं. पाव लिटर दूध मिळालं, ते नासलेलं निघालं. सव्वापाच झाले. पुळणीवर सूर्यास्त बघायला माणसं जमायला लागली होती. छत्र्या, कॅमेरे, भेळ. सगळं जग सूर्य कधी बुडतो म्हणून टक लावून बसलं होतं आणि आम्ही त्याला जरा थांब म्हणून विनवत होतो. अक्कांचे ओठ सुकले होते. त्या गाडीत डोळे मिटून बसल्या, आणि आण्णा पहिल्यांदाच विनोद न करता म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत ही अशीच राहिली तर आडवी होईल."

"शहाळं चालेल का?" मी विचारलं.

अक्कांनी डोळे उघडले.

"शहाळ्याला भांडं लागत नाही. कुणाचा हात आत जात नाही. आमच्या परसात सात माड आहेत." मी एका दमात बोलले, नाहीतर धीर गेला असता. "इथून घर सहा किलोमीटर आहे."

अभिनंदन समोर बघत राहिला, आणि गाडी तर उभी होती.

"चल," अक्का म्हणाल्या.

मी टपरीवरून आईला फोन लावला. "आई, अक्का येतायत. बाबांना शहाळं काढून ठेवायला सांग. दिवस मावळायच्या आत प्यायचंय त्यांना. कळलं? मावळायच्या आत."

"येतत? घराक येतत?" आईचा आवाज चिरकला. "घेवन ये त्यांका! सगळी तयारी करून ठेवतंय!"

खाडीच्या पुलावर म्हशी आडव्या आल्या नसत्या तर वेळ भरपूर होता. आम्ही अंगणात उतरलो तेव्हा आण्णांच्या घड्याळात सहाला सात कमी होते. बाबा शहाळं सोलून, टोक छाटून, नळी खोचून पडवीत उभे होते. आठ मिनिटांत एक शहाळं काय, तीन पिऊन झाली असती. मी अक्कांचा हात धरून पुढे निघाले.

"थांबा!" आई दारातून ओरडली.

तिने माझ्या लग्नात घेतलेली साडी नेसली होती. हातात तबक होतं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, भाकरतुकडा. विहीण पहिल्यांदा उंबऱ्याशी आली होती. दोन वर्षं ज्या बाईची वाट बघितली तिला माझी आई अशीच कशी आत घेणार?

"आई, आधी शहाळं दे!"

"गप गो. रीतभात हा की नाय? पाय पुढे करा विहीणबाय."

पायांवर गरम पाणी घातलं. मग थंड पाणी घातलं. मग दूध घातलं. दूध! दिवसभर गावात धड मिळालं नव्हतं ते पायावर वाहताना अक्का बघत होत्या. मग कुंकू. मग निरांजन लावलं, ते खाडीच्या वाऱ्याने विझलं. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली. आण्णा खोकले. त्यांनी घड्याळ उन्हात धरल्यासारखं करून आईला दाखवायचा प्रयत्न केला. आई म्हणाली, "व्याह्यांचा नंतर, पयल्या विहीणबाय." अभिनंदनने वाऱ्याकडे पाठ करून आडोसा केला, निरांजन लागलं आणि आईने सावकाश, मन लावून, पाचदा ओवाळलं. भाकरतुकडा उतरून टाकायला ती कुंपणापर्यंत चालत गेली आणि चालत परत आली.

अक्का हलल्या नाहीत. नको म्हणाल्या नाहीत, घाई करा म्हणाल्या नाहीत. कोणी आपल्याला ओवाळत असताना मध्येच बाजूला होणं त्यांना येतच नव्हतं. त्यांची नजर मात्र आईच्या खांद्यावरून मागे, खाडीच्या तोंडाशी होती. तिथे सूर्याची लाल कोर राहिली. मग तीही गेली.

"आता येवा," आई म्हणाली. बाबांनी शहाळं हातात दिलं. अक्कांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि पडवीतल्या बाकावर हळूच ठेवून दिलं.

"फार छान स्वागत केलंत," त्या म्हणाल्या. "आता उद्या."

काय झालं ते आईच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. लक्षात आलं तेव्हा ती मटकन खाली बसली. मग उठून आत गेली आणि आम्हाला भांड्यांचा आवाज येत राहिला.

आता खरी गंमत पुढे. खाणावळीत दोन टेबलं गिऱ्हाइकं होती, त्यांना आईने वाढलं. ती जेवून गेली. पावणेआठ झाले तरी आमची ताटं मांडायचं लक्षण दिसेना. मी स्वयंपाकघरात गेले तर आई चुलीपुढे हात जोडल्यासारखी बसलेली.

"आई, ताटं?"

"ताटा कसली? विहीणबाय उपाशी बसल्या बाहेर. दारात इलेला माणूस जेवल्याबगर ह्या घरात ताट मांडणत नाय. तुझ्या आजयेपासून."

"अगं, त्या सकाळपर्यंत जेवणार नाहीत!"

"मगे आमीव सकाळी जेवू."

"बाबा?"

"तेव."

बाबांना साखरेचा आजार होता. साडेसातला ते सुई टोचून घेत आणि अर्ध्या तासात जेवायला बसत. त्या दिवशीही सवयीने सुई टोचून घेतली होती, आणि मग त्यांना आईचा निश्चय कळला. आईशी वाद घालणं त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सोडलं होतं. ते गुपचूप कोठीच्या खोलीत गेले.

पाचच मिनिटांत अक्का कोठीच्या दारात उभ्या. त्या हात धुवायला जागा शोधत होत्या. आत माझे वडील अंधारात डब्यात हात घालून गूळ खात होते. चोरून खाताना विहिणीने पकडलं म्हणून ते इतके गडबडले की त्यांनी उरलेला खडा अक्कांपुढे धरला. "घेतात?"

"तुम्ही असं अंधारात का खाताय? घामेघूम झालाय की!" अक्कांनी मला हाक मारली. मी खरं ते सांगितलं.

अक्का सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. जिथे दोन वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, जिथे चुलीवर बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, रटरटत होतं, तिथे.

"विहीणबाई, हा कसला हट्ट? माणूस औषध घेऊन बसलाय!"

"हट्ट माझो की तुमचो?" आईही उठली.

"माझा हट्ट नाही, नेम आहे."

"माझोव नेमच. तुमका आमचा घर चलना नाय, ता माका समाजता. दोन वर्सा समाजता. पण उपाशी ठेवून माका घास जावचो नाय."

"घर चालत नाही असं कोण म्हणालं तुम्हाला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. अक्कांनीही माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तिखल्यात उडी घ्यावी.

"मी आले असते तर तुम्ही ताट मांडलं असतंत," अक्का म्हणाल्या. "हौसेनं मांडलं असतंत. आणि मला ते नको म्हणावं लागलं असतं, तुमच्या तोंडावर, तुमच्याच घरात. ते माझ्या जिवावर यायचं. म्हणून येत नव्हते. आज बघा, आले, आणि तेच झालं की."

आई मोरीच्या कठड्यावर चढली आणि वरच्या फळीवरून एक गोणपाट खाली ओढलं. त्यातून भांडी निघाली. दोन पातेली, तवा, पळी, परात, तांब्या. सगळं कोरं. पातेल्यांवर दुकानाची चिठ्ठी तशीच. "लग्न ठरला तेवाच घेतललंय. तुमच्यासाठी. एकदाव माशाक लागली नाय."

दोन वर्षं एक बाई नको म्हणावं लागेल म्हणून येत नव्हती, दुसरी ही भांडी फळीवर ठेवून तिला नावं ठेवत होती, आणि दोघींच्या मध्ये मी शहाणी दोघींचा गैरसमज नीट ताजा ठेवत होते. मला रडू आलं. पण बाबांचा हात थरथरायला लागला होता, त्यामुळे रडायला वेळ नव्हता.

"तुमचा नेम पाहुण्यासाठी आहे ना?" अक्कांनी विचारलं.

"होय."

"आणि घरातली बाई?"

"ती सगळ्यांका वाढून मागसून जेवता."

"मग मी घरातली." अक्कांनी पदर खोचला. "सगळ्यांना वाढते. माझं मी मागून जेवते. सकाळी. आता नेमात बसलं का?"

आईने वाद न घालता कोरी पळी त्यांच्या हातात दिली. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

ताटं मांडली गेली. अक्कांनी कोऱ्या पळीने पहिला भात बाबांना वाढला, मग आण्णांना, अभिनंदनला, मला, आणि शेवटी हात धरून खाली बसवलेल्या माझ्या आईला. आण्णा आणि अभिनंदनने दही-भात कालवला. तिखलं आईनेच वाढलं. त्या वेळी अक्का भिंतीवरच्या पंचांगाकडे बघत उभ्या राहिल्या, पण बाहेर गेल्या नाहीत. माझ्या ताटात बांगडा पडला. सहा महिन्यांत माशाचा काटा पाहिला नव्हता, तरी माझा हात पुढे जाईना.

"खा की," अक्का भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "आईच्या हातचं आहे."

दुसऱ्या दिवशी आईने अंगणात तीन चिरे मांडून नवी चूल केली. पाणी तीनदा गाळलं. कोऱ्या पातेल्यात उकड्या तांदळाची पेज, आणि पडवळाची भाजी, नुसतं खोबरं नि मिरची. सूर्य उगवून दोन घटका झाल्यावरच अक्का घास घेत, तोवर सगळं घर, आण्णांसकट, अक्कांच्या ताटाभोवती उभं होतं. अक्कांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला.

आईचा जीव राहीना. तीस वर्षं खाणावळ चालवलेली बाई, गिऱ्हाइकाला कधी चव विचारली नव्हती तिने. "कसा झाला?"

"मीठ कमी आहे," अक्का म्हणाल्या.

बाबांनी श्वास रोखला. अभिनंदन माडाकडे बघायला लागला. आईचा चेहरा पडला.

मला मात्र हसू आवरेना. परक्याच्या घरी अक्कांनी कशालाही नाव ठेवल्याचं मी कधी ऐकलं नाही. मीठ कमी आहे, हे त्या फक्त घरच्या माणसाला सांगतात, आणि मला ते दोन वर्षं रोज ऐकायला मिळत होतं.

"आई," मी म्हणाले, "मीठ आण."